फिर्यादीशी संपर्क साधू नये

४ जून

धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडेही असेल. मनगटाची सूज उतरली असेल, हनुवटीचे दोन टाके काढले असतील. लेकीकडे सुखात असशील. नसलीस तरी तिला बोलून दाखवू नकोस. पोरगी स्वयंपाक वाईट करते, पण मनाने चांगली आहे.

आता पहिली गोष्ट. अक्षर मोठं आहे ते माझा हात थरथरतो म्हणून. नातीने जाड काळं पेन आणून दिलंय, खोक्यांवर पत्ते लिहितात तसलं. एका कागदावर सहा ओळी मावतात. पाकीट उशीसारखं फुगलंय, पोस्टातली बाई म्हणाली आजी कापूस पाठवताय का. तू त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

दुसरी गोष्ट. हे तुझं तू वाच. खिडकीत बसून, उजेडात, कितीही वेळ लागू दे. लेकीच्या हातात देऊ नकोस.

तिसरी गोष्ट. मला तुला पत्र लिहायला बंदी आहे. जामिनाच्या कागदावर तसं लिहिलंय: आरोपीने फिर्यादीशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधू नये. आरोपी म्हणजे मी आणि फिर्यादी म्हणजे तू. मी वकीलबाईला विचारलं, "संपर्क म्हणजे बोलणंच ना?" ती म्हणाली, "बोलणं, लिहिणं, निरोप धाडणं, खाणाखुणा करणं, सगळं आलं आजी." मी म्हटलं, "आणि मनातल्या मनात शिव्या घालणं?" म्हणाली, "ते चालेल." ते मी रोज करतेच आहे. पण त्याने तुला इकडच्या बातम्या कळत नाहीत, म्हणून हा खटाटोप. वाचलंस की जाळून टाक. नको, काडी पेटवू नकोस. फाड.

वकीलबाई म्हणजे नातीची मैत्रीण. एवढीशी आहे, काळा कोट तिला मोठा होतो, पण जिभेला धार आहे. मला आवडली.

कोर्टात जाऊन आले. तुला वाटतं तसं कोर्ट एक नसतं. इमारत एक, पण वरच्या मजल्यावर दिवाणी आणि खालच्या मजल्यावर फौजदारी. वरती आपला बोळाचा दावा. तुझ्या लेकाने आपल्या दोघींच्या सामाईक बोळात लांबच्या लांब फळ्यांची भिंत ठोकून बोळ उभा चिरला आणि माझ्या खिडकीचा उजेड खाल्ला, त्याबद्दलचा. तो मी लावलाय, म्हणून तिथे मी वादी. वादीला बसायला खुर्ची असते. खाली तू पडलीस त्याची केस. तिथे मी आरोपी. आरोपीला खुर्ची नाही, लाकडी कठडा. म्हणजे तीच मी, तेच गुडघे, जिना उतरलं की माझी किंमत बदलते.

वरचं भांडण माझं आणि तुझं आहे, ते मला कळतं. खालचं माझं आणि सरकारचं आहे. पट्टेवाला दारात उभा राहून ओरडतो, "सरकार विरुद्ध" आणि पुढे माझं आख्खं नाव, सासरचं. लग्नात घेतलं होतं, त्यानंतर इतकं मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "अरे, माझं सरकारशी काही वाकडं नाही. माझं धाकट्या जावेशी भांडण आहे." तो म्हणाला, "आत चला आजी."

मग वकीलबाईने समजावलं. जागा, भिंत, देणंघेणं ही दोन माणसांची भांडणं, ज्याला दुखतं त्याने लावायची. पण मारलं, पाडलं, चोरलं की ते सगळ्या गावाचं दुखणं होतं, म्हणून सरकार स्वतः उभं राहतं. मी म्हटलं, "आम्ही दोघी बेचाळीस वर्षं भांडतोय. इतके दिवस सरकार कुठे होतं?"

तुझ्या बाजूचा सरकारी वकील टकला आहे. त्याने फाईल उघडली, वाचली, माझ्याकडे बघितलं, परत वाचली. पान चुकलं असं वाटलं त्याला. माझ्या शेजारी बाकावर एक मोटारसायकल चोर होता. दांडगा, हातावर वाघ गोंदलेला. त्याने विचारलं, "आजी, तुमचं काय?" मी म्हटलं, "मारहाण." तो जरा सरकून बसला.

वरच्या मजल्यावर काय झालं? तारीख झाली. तुझ्या लेकाच्या वकिलाला उत्तर द्यायला वेळ हवाय. फळ्या आहेत की नाहीत, एवढंच उत्तर. डोकं आपटलं तरी कळतं.

लोकरीचा दुकानदार येऊन गेला. तू विणतेस ती बाळांची स्वेटरं संपली म्हणतो. मनगट दुखावलंय, धीर धर, असं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघी मिळूनच करता ना? तोवर तुम्ही विणा." म्हटलं, मला दोन सुया धरता येत नाहीत, मी नुसती शेजारी बसून बडबड करते. खोटं नाही ते.

त्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. उरलं कोर्ट. त्यांचं ते शोधतील, त्यांना तेवढंच काम.

तुझी थोरली
(आरोपी क्रमांक एक. दोन कुणी नाही, तरी क्रमांक घालतात.)


९ जुलै

धाकटे,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. नसू दे, तू कायदा पाळणारी आहेस. मी नाही.

इथे पाणी वेळेवर येतं. बोळातल्या तुझ्या कुंडीला मी पाणी घालत नाही, ती तुझ्या बाजूला आहे आणि बाजूचा दावा चालू आहे. तरी ती जगलीय, माझ्यावर सूड म्हणून.

परवा वकीलबाई घरी आली होती. तुझी फिर्याद मला वाचून दाखवली. छान लिहिलीय. "थोरल्या जावेने पाठीमागून येऊन दोन्ही हातांनी जोरात ढकलले." लेकाने सांगितली असणार, तुझ्या तोंडी 'जोरात' कधी ऐकलं नाही. दवाखान्यात त्याने विचारलं असेल, आई कुणी केलं, आणि तू माझं नाव घेतलंस. मुलगा गेला तडक चौकीवर.

वकीलबाईने विचारलं, "आजी, ढकललंत?"

"नाही."

"मग त्या पडल्या कशा?"

"पायात स्टूल आलं."

"सकाळी अकरा वाजता? गुडघ्याएवढं स्टूल?"

मी चहा टाकायला उठले.

पण ती कोट घातलेली मांजर आहे. मी आत गेले तेवढ्यात बोळ पावलांनी मोजला, स्टुलावर हात फिरवला, मग तुझ्या फडताळाकडे वळली. तिथे ते स्वेटर होतं. एक बाही निळी, एक हिरवी. आपला अबोला सुरू झाल्यावर तू विणलेलं, एकटीने बसून. तिने ते उजेडात धरलं.

"ही फॅशन आहे का आजी?"

"हो. नवीन आलीय."

"तुमच्या जावेला दिसतं का?"

मी म्हटलं, "माझ्यापेक्षा चांगलं. सुईत दोरा ओवते. लांबून माणूस ओळखते, चालीवरून." चालीवरून हे खरं आहे, चाल ऐकू येते. बाकीचं खोटं बोलले.

तिने कप खाली ठेवला आणि मला उलटतपास म्हणजे काय ते सांगितलं. आधी टकला तुला विचारणार, काय झालं. तू सांगणार. मग ही उठणार. दाराशी जाऊन उभी राहणार, हातात काहीतरी धरणार, छत्री म्हण, पुस्तक म्हण, आणि भर कोर्टात विचारणार, "आजी, माझ्या हातात काय आहे?" तुला सांगता आलं नाही की विचारणार, मग मागून कुणी ढकललं ते कसं कळलं? खेळ खलास. "तुम्ही सुटाल," म्हणाली. एवढी खूश झाली की बिस्किटं संपवली.

मी म्हटलं, "मी सुटेन. आणि ती?"

"त्यांना काय होणार? त्या फिर्यादी आहेत. फिर्यादीला शिक्षा नसते."

एवढं शिकतात बिचाऱ्या.

धाकटे, आता लिहून टाकते, कारण आडवळणाने लिहायला जास्त कागद लागतो. मला माहीत आहे. सहा वर्षं झाली माहीत आहे.

खुंटीवर आमच्या ह्यांचा कोट होता, आठवतो? ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तू दारातून आलीस आणि कोटाला म्हणालीस, "बसा, चहा टाकते." आणि टाकलास. कप भरून कोटासमोर ठेवलास आणि उत्तराची वाट बघत उभी राहिलीस. मी आतून बघत होते. तुझ्या चेहऱ्यावरून तुला कळल्याचं मला कळलं. तू गुपचूप तो चहा पिऊन टाकलास. मला हसू आलं आणि मग आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तो कोट देऊन टाकला.

तू बोलली नाहीस, मी विचारलं नाही. का बोलली नाहीस ते कळत होतं. दुकानदाराने लोकर बंद केली असती आणि लेकाने तुला कोपऱ्यात खुर्ची टाकून दिली असती, बस आई, उठू नकोस. तू कोपऱ्यातली नाहीस.

तेव्हापासून मी बडबड वाढवली. "ही बादली कुणी मेल्याने दारात ठेवली?" ठेवलेली मीच असायची. "दार अर्धंच उघडं टाकतात, वारा काय पाहुणा आहे?" "हा हिरवा काय हिरवा, डबक्यातल्या शेवाळासारखा, आणि तो शेजारचा निळा तरी काय!" तू मान न वळवता बरोबर गोळा उचलायचीस आणि म्हणायचीस, "थोरल्या बाई, किती बोलता हो." सगळी आळी मला तोंडाळ म्हणते. आहेच मी तोंडाळ. पण त्यातली निम्मी बडबड कामाची होती.

उत्तर नको देऊस. दिलंस तर तुलाही कोर्ट विचारेल.

तुझी थोरली


२१ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन एकमेकींच्या अंगावर बसलेल्या. पण मी तुझी प्रत्येक वेलांटी ओळखते. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे तू नंतर नाही म्हणायला नको: "थोरल्या बाईंस नमस्कार. एवढं मोठं अक्षर कशाला? मी काय आंधळी आहे? कुंडीला पाणी घाला."

घातलं.

कुंडीपर्यंत जायला तुझ्या बाजूने जावं लागतं. म्हणून पहिल्यांदाच फळ्यांच्या आतून टोकापर्यंत चालले. बाहेरून बघितल्या होत्या, मोजल्या होत्या, त्यांच्यावर दावा लावला होता, पण तुझ्या बाजूने नीट बघितल्या नव्हत्या. कमरेच्या उंचीवर, खोलीच्या दारापासून न्हाणीपर्यंत, फळ्यांवर एक पट्टा आहे. हाताएवढा रुंद, मळका आणि गुळगुळीत. एक खिळा वर आलेला, त्यावर चिंधी गुंडाळलेली. मी तिथे हात ठेवला आणि चालत गेले. डोळे मिटून गेले. न्हाणीच्या दारात पोचले, कुठे ठेच नाही.

आधी बोळ कसा होता, उघडा पडलेला, धरायला काही नाही. आणि मी काय समजले? मला तोंड बघायचं नाही म्हणून धाकटीने भिंत घातली. लेकाला तू काय सांगितलंस कोण जाणे. थोरलीची कटकट नको, असंच सांगितलं असशील. त्याला ते पटायला वेळ लागला नसेल.

दुसऱ्या दिवशी दिवाणी कोर्टात गेले आणि दावा काढून घेते म्हटलं. वरचे न्यायाधीश म्हातारे आहेत, माझ्यासारखेच बसल्या बसल्या डुलकी घेतात. जागे झाले.

"समेट झाला का?"

"नाही साहेब."

"प्रतिवादी फळ्या काढणार आहेत का?"

"नाही. काढल्या तर मी त्यांच्यावर दावा लावीन."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग भांडण मिटलं म्हणायचं का?"

"भांडण आहे. फक्त दावा नको."

कारकुनाने लिहिलं, वादी दावा पुढे चालवू इच्छित नाही. चार मिनिटं लागली. उभा करायला अख्खा हिवाळा गेला होता. तुझ्या लेकाचा वकील अजून उत्तरच लिहीत होता, त्याचा चेहरा पडला.

मला वाटलं, इतकं सोपं असेल तर खालचंही उरकून टाकू. तशीच जिना उतरले. वकीलबाईला म्हटलं, "तीही काढून घे." ती म्हणाली, "आजी, वरचा दावा तुमचा होता, तुम्ही काढलात. ही केस तुमची नाही. तुमच्या जावेचीही नाही. सरकारची आहे."

"मग सरकारला सांग, माझा राग नाही."

"सरकारला राग नसतो आजी. फाईल असते."

एक वाट आहे म्हणाली. दुखापत किरकोळ असली की फिर्यादी स्वतः कोर्टात येऊन आम्हाला तडजोड करायचीय असं म्हणू शकते, कोर्टाला पटलं तर केस तिथेच मिटते. ती म्हणाली ते कळवलं. मी मागत नाही.

मग मी ठरवलं, गुन्हा कबूल करून टाकावा. म्हणजे साक्ष नाही, उलटतपास नाही, छत्री नाही, पुस्तक नाही. फौजदारीच्या न्यायाधीशबाई तरुण आहेत, केस घट्ट बांधतात, आवाज मऊ. त्यांनी आरोप वाचला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. आणि, धाकटे, माझ्या तोंडाने मला दगा दिला. म्हटलं, "ती पडली ती माझ्यामुळे."

"म्हणजे तुम्ही ढकललं?"

"माझ्यामुळे पडली."

"आजी, ढकललं, हो की नाही?"

"प्रश्न बरोबर नाही बाई."

टकला हसला. वकीलबाईने कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मग बरोबर प्रश्न कोणता?" इतकं चांगलं मला कुणी विचारलं नव्हतं. पण तिथे मोटारसायकल चोर होता, कारकून होते, तुझा लेक मागच्या बाकावर होता. मी म्हटलं, "तो आमच्या घरातला आहे." त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, आरोपीस गुन्हा कबूल नाही. अर्धवट कबुली चालत नाही म्हणे. आता तुला समन्स येईल. अठरा सप्टेंबर, साक्षीला.

बरोबर प्रश्न तुला सांगते.

त्या सकाळी मी तुझ्या बाजूला स्टूल ठेवलं होतं. फळ्यांची उंची मोजायची होती, दाव्यात घालायला. टेप आणायला आत गेले. परत आले तर तू येत होतीस, न्हाणीकडे, एक हात फळ्यांवर, मान ताठ. माझ्यापासून बारा पावलं, स्टुलापासून सात. सात पावलं म्हणजे पुष्कळ वेळ असतो. तेवढ्यात मी अख्ख्या आळीला नावं ठेवू शकते. मी तोंड उघडलंसुद्धा होतं, "हे स्टूल कुणी" एवढं ओठांवर आलं होतं. आणि आठवलं, आपला अबोला आहे. सोळावा दिवस होता. जी आधी बोलेल ती हरली.

मी तोंड मिटलं.

बेचाळीस वर्षांत मी एकदाच गप्प बसले, धाकटे. त्याची केस झाली.

मी तिथे होते हे तुला माहीत होतं. माझ्या गुडघ्यांच्या बामाचा वास तुला तीन खोल्यांवरून येतो. तू पडलीस, मान वळवलीस आणि बरोबर माझ्याकडे बघितलंस. म्हणून तू ढकललं म्हणालीस त्याचा मला राग नाही. दिसलं नाही असं लेकाला सांगण्यापेक्षा थोरलीने ढकललं हे सांगणं सोपं. मी तुझ्या जागी असते तर लाथ मारली म्हणून सांगितलं असतं.

वकीलबाईला मी आडून विचारलं, "समज, एखादीने नुसतं तोंड उघडलं नाही, तर कितीची शिक्षा?" ती म्हणाली, "गप्प बसणं हा गुन्हा नाही आजी." कच्चा आहे हा कायदा. आणि तरी 'ढकललं' म्हणायला माझी जीभ रेटली नाही, कारण ते खऱ्यापेक्षा बरं दिसलं असतं. ढकलणारीने निदान हात तरी लावलेला असतो.

तर आता असं ठरलंय. वकीलबाई तुला एकही प्रश्न विचारणार नाही. मी तसं लिहून दिलंय, सही करून. ती भांडली. म्हणाली, "मग दोषी ठराल."

"काय करतील?"

"या वयात बहुतेक समज देऊन सोडतील. पण नावावर कायमचं लागेल."

"या नावाचं मला आता काय करायचंय? स्थळं बघायचीत?"

तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. म्हणून मी तरुण वकील देऊ नये म्हणते.

तुझी थोरली


११ सप्टेंबर

धाकटे,

आशीर्वाद. हे शेवटचं, साक्षीच्या आधीचं. नीट वाच, दोनदा वाच, पाठ कर. बाळांच्या स्वेटरचे टाके पाठ असतात तसं.

मी काल कोर्टात गेले होते. पट्टेवाला म्हणाला, "आज तुमची तारीख नाही आजी." म्हटलं, "माहीत आहे, पायऱ्या मोजायला आले." तो म्हणाला, "का, पाडायच्यात?" दुपारी जेवायच्या सुट्टीत खोली रिकामी होते. दोन फेऱ्या डोळे उघडे ठेवून मारल्या, तिसरी मिटून. तिसऱ्या फेरीत टकल्याच्या पोटावर आदळले, तो डबा घेऊन परत येत होता. माफी मागितली. त्याने फाईलमध्ये काही लिहिलं नसलं म्हणजे मिळवली.

तुझी लेक तुला हात धरून आणेल. फाटकापर्यंत आणू दे, म्हातारीला पोरगी आणतेच, त्यात कुणाला काही दिसत नाही. इमारतीच्या पायऱ्या नऊ, उजव्या हाताला लोखंडी कठडा, पाचवी फुटलेली. मग सरळ लांब पडवी. तिथे मेले वकील मधोमध उभे राहून गप्पा मारतात, गाढवांसारखे, तू भिंतीकडून चाल. तिसरं दार आपलं. दाराला उंबरठा आहे, चार बोटं. कुणी घातला आणि का घातला, रोज कुणीतरी तोंडावर पडतं. पट्टेवाला तुझं नाव पुकारेल तेव्हा लेकीला बाहेर बाकावर बसव. आत एकटी जा. आत एकटी गेलीस तर कुणी तुला निरखून बघणार नाही, हात धरून गेलीस तर बघतील.

उंबरठ्यापासून सरळ अकरा पावलं. माझी अकरा, तुझी तेरा होतील, तू तुरुतुरु चालतेस. दोन्ही बाजूंना बाकं आहेत, मधे वाट रुंद. डाव्या हाताच्या बाकाची पाठ धरून जा, म्हातारं माणूस धरतंच. बाक संपलं की दोन पावलं, मग एक पायरी चढ. तो तुझा पिंजरा. तिन्ही बाजूंना लाकडी दांडा आहे कमरेएवढा, आपल्या फळ्यांवरच्या पट्ट्याच्या उंचीचा. तो धरलास की निम्मं काम झालं. कुणीतरी पाणी विचारेल, नको म्हण, ग्लास कुठे ठेवतील सांगता येत नाही.

न्यायाधीशबाई समोर, उंचावर. आवाज वरून येतो, तिकडे तोंड कर आणि हनुवटी वर धर. टाक्यांची खूणही दिसेल, तुझ्याच फायद्याचं आहे. टकला उजवीकडून बोलतो आणि बोलताना फिरतो, त्याच्या मागे मान फिरवू नकोस, चक्कर येईल. न्यायाधीशबाईंकडेच बघून उत्तर दे, त्यांना आवडतं. आधी शपथ घ्यायला लावतात. नंतर जबाबाचा कागद पुढे करतील, वाचून सही करा म्हणून. म्हण, माझं शिक्षण कमी, वाचून दाखवा. त्यात लाज नाही, अर्धं कोर्ट तसंच म्हणतं. मग कारकून स्वतःच बोट ठेवतो सही कुठे करायची ते.

काय सांगायचं ते तुझं तू ठरव. ढकललं म्हणालीस तर मी हूं की चूं करणार नाही. तडजोड म्हणालीस तर त्या मला विचारतील, मी हो म्हणेन. तिसरंच काही म्हणालीस तर तेही तुझंच. माझी वकीलबाई जागेवरून उठणार नाही, तिने मला वचन दिलंय आणि मी तिच्या काळ्या कोटाचं टोक धरून घेतलंय ते.

आता एक राहिलं आणि तेच अवघड आहे. टकला तुला विचारणार, "ज्यांनी हे केलं त्या आज कोर्टात हजर आहेत का? दाखवा." प्रत्येक साक्षीदाराला विचारतात, ते चुकत नाही. आणि सगळं कोर्ट तुझ्या हाताकडे बघतं.

माझा कठडा तुझ्या डावीकडे, खांद्याच्या किंचित मागे. आठ पावलांवर. माझ्या शेजारी मोटारसायकल चोरही असेल, त्याची तारीख त्याच दिवशी आहे, त्यामुळे अंदाजाने हात करू नकोस. बाम लावून येईन, पण त्या खोलीत घामाचा वास जास्त. म्हणून मी खोकणार आहे. टकल्याने दाखवा म्हटलं की लगेच, दोनदा. संपर्क कोणत्याही प्रकारे नको असं लिहिलंय, त्यात खोकला येतो का ते मी वकीलबाईला विचारलेलं नाही, कारण ती येतो म्हणाली असती. म्हाताऱ्या माणसाला खोकला येतो. न्यायाधीशबाईंना काय ते समजू दे.

दोनदा खोकला ऐकलास की डावा हात सरळ कर, खांद्यापासून, लटपटू नकोस, आणि माझ्याकडे बोट दाखव. बरोबर माझ्याकडे. दुसऱ्या कुणाकडे दाखवलंस तर याद राख.

तिथेच उभी असलेली,
तुझी थोरली